धून परत आली, म्हणून स्पर्धेबाहेर?

२०२४ सालच्या चित्रपटांतलं सर्वोत्तम पार्श्वसंगीत कोणतं, या वादात ‘ड्यून : पार्ट टू’चं नाव काढलं की समोरून एकच उत्तर येतं. ते तर ऑस्करच्या शर्यतीतच नव्हतं, आणि नव्हतं ते योग्यच झालं. हान्स झिमरने पहिल्या भागातल्या सुरावटी दुसऱ्या भागात परत वापरल्या. मालिकेतल्या चित्रपटाच्या संगीतात किमान ८० टक्के भाग नवा हवा, असा अकादमीचा नियम आहे. तेवढा नवा भाग नव्हता, विषय संपला. असं म्हणणारी माणसं अडाणी नाहीत. एखाद्या प्रसंगात व्हायोलिनं नेमकी कुठे थांबली आणि का थांबली, हे मला त्यांच्यातल्याच काहींनी दाखवून दिलं आहे. म्हणून या उत्तराचा प्रतिवाद वरवर करून भागणार नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चित्रपटाचं संगीत नेमकं काय काम करतं, हेच या नियमाला कळलेलं नाही. त्या नियमाचा आधार घेऊन ‘ड्यून’ला बाद करणारे रसिक आपले कान बाजूला ठेवून घड्याळाकडे बघताहेत.

आधी नियम. संगीत स्पर्धेत उतरवायचं तर त्याच्यासोबत ‘क्यू शीट’ जोडावी लागते. चित्रपटात कोणता तुकडा कुठे वाजला, किती मिनिटं-सेकंद वाजला, तो कोणी रचला, याची ती यादी असते. २०२० साली अकादमीने दोन आकडे ठरवले. सर्वसाधारण चित्रपटात, एकूण संगीतापैकी किमान ६० टक्के त्या चित्रपटासाठी रचलेलं पार्श्वसंगीत असावं. मालिकेतल्या किंवा पुढच्या भागाच्या चित्रपटात मात्र पार्श्वसंगीताचा किमान ८० टक्के भाग नवा असावा. पुढच्याच वर्षी पहिला आकडा ६० वरून ३५ वर आला. ८० तसाच राहिला.

या दोन टक्केवाऱ्या एकच गोष्ट मोजत नाहीत, हे खरं आहे. पहिली अट चित्रपटातली गाणी, उसने तुकडे सगळं धरून आहे, तर दुसरी संगीतकाराच्या स्वतःच्या कामापुरती. पण दोन्ही शेजारी ठेवल्या की अकादमीचा कल कुठे आहे ते दिसतं. एकीकडे दुसऱ्यांचं संगीत निम्म्याहून अधिक असलं तरी चालतं. दुसरीकडे संगीतकाराने स्वतःच्याच रचनेचा धागा पुढे नेला, तर पाचव्या हिश्श्याच्या पुढे त्याला मुभा नाही. ‘ड्यून : पार्ट टू’ बाद झाला त्याच वर्षी ‘विकेड’ला पार्श्वसंगीताचं नामांकन मिळालं. त्यातली गाणी स्टीफन श्वार्ट्झने २००३ सालच्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेसाठी रचलेली, आणि जॉन पॉवेलसोबत केलेलं पार्श्वसंगीतही त्याच सुरावटींचा आधार घेत विणलेलं. मला ते नामांकन खटकलेलं नाही. गाण्याची ओळ संवादाखाली आणताना तिचं गाणंपण लपवायचं, हे कसबाचं काम असतं. एकवीस वर्षं लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली दरवाजातून आत आल्या, त्यांना कोणी अडवलं नाही, आणि झिमरला मात्र अडवलं. एवढीच माझी तक्रार आहे.

आता ज्या संगीताने ते ऑस्कर जिंकलं, ते पाहा. २ मार्च २०२५ ला डॅनियल ब्लुमबर्गला ‘द ब्रूटलिस्ट’साठी पारितोषिक मिळालं. चित्रपट २१५ मिनिटांचा, आणि आपल्या प्रेक्षकाला अगदी ओळखीचं वाटेल असं पंधरा मिनिटांचं मध्यंतर त्यातच धरलेलं. सुरुवातीला नायक लास्लो तोथ बोटीच्या अंधाऱ्या पोटातून धक्के खात वर येतो, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पडद्यावर उलटा दिसतो, आणि पितळी वाद्यांवर चार सुरांची एक हाक कोसळते. ही चार सुरांची हाक हेच ब्लुमबर्गचं सगळं भांडवल. पुढचे तीन तास तो ती फिरवत राहतो. कधी ती इमारतीच्या पायासारखी जड होते, कधी पियानोवर एकटी पडते. शेवटच्या प्रकरणात गोष्ट १९८० च्या व्हेनिसला पोचते, तेव्हा तिच्यावर त्या काळच्या सिंथेसायझरचा झगझगीत मुलामा चढलेला असतो. आयुष्यभर वेदना भोगून उभं केलेलं काम प्रदर्शनातली वस्तू झालं, हे तिथे संवादाच्या आधी संगीत सांगतं.

समजा, निर्मात्यांनी हा चित्रपट मध्यंतरापाशी तोडला असता. पहिला अर्धा एका वर्षी, दुसरा अर्धा अडीच वर्षांनी. ब्लुमबर्गने एकही सूर बदललेला नाही. चार सुरांची हाक तीच, तिचं व्हेनिसमध्ये होणारं रूपांतर तेच. फक्त मधला खंड पंधरा मिनिटांचा होता तो अडीच वर्षांचा झाला. त्याबरोबर दुसऱ्या अर्ध्यातली ती हाक ‘आधीच्या चित्रपटातली’ ठरली असती, क्यू शीटवर तिची मिनिटं वेगळ्या रकान्यात पडली असती, आणि ज्या कामाला आपण डोक्यावर घेतलं तेच काम दाराबाहेर उभं राहण्याची वेळ आली असती. ‘ड्यून’चं झालं ते हेच. फ्रँक हर्बर्टची १९६५ ची कादंबरी एक, गोष्ट एक. पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर ‘पहिला भाग’ असं लिहिलेलं आहे. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा पहिल्याच्या शेवटी मेलेल्या जामिसचं प्रेत अजून खांद्यावरच असतं. मधल्या अडीच वर्षांत करोनानंतरचा बाजार, स्टुडिओची परवानगी, कलाकारांचा संप असं बरंच काही झालं, पण त्यातलं काहीही संगीतात घडलेलं नाही. व्यवसायाच्या सोयीने पाडलेल्या फटीवरून कलाकृतीचा निवाडा केला गेला.

यावर प्रतिपक्षाचं उत्तर तयार असतं. पहिल्या भागाला संगीताचं ऑस्कर मिळालंच ना? त्याच सुरावटींना दोनदा बक्षीस कशाला?

हे उत्तर मी गंभीरपणे घेतो. मग ते सगळ्यांना लावा. पहिल्या ‘ड्यून’ला सहा ऑस्कर मिळाली. छायाचित्रणाचं ग्रेग फ्रेझरला, कलादिग्दर्शनाचं पॅट्रिस व्हर्मेटला, शिवाय ध्वनीचं आणि दृश्यपरिणामांचंही. दुसऱ्या भागासाठी फ्रेझर आणि व्हर्मेट दोघांना पुन्हा नामांकन मिळालं. ध्वनी आणि दृश्यपरिणाम या विभागांत तर दुसऱ्या भागाने पुन्हा ऑस्कर जिंकलं. वाळूखालून येणारा तो अजस्र किडा पहिल्या भागातच घडवलेला होता. त्याचं तोंड, त्याचे दात, त्याच्या येण्याने वाळूला येणारी थरथर, सगळं आपण आधी पाहिलेलं होतं. दुसऱ्या भागात नायक पॉल त्याच्या पाठीवर उभा राहतो. किडा तोच आहे, म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. ज्याने पहिल्या भागात जीव खाल्ले त्याच्यावर आता स्वार व्हायचं आहे. इथे कोणी विचारलं नाही की किडा ८० टक्के नवा आहे का. अराकीनच्या भिंती, वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचे पोशाख, उडणाऱ्या यंत्रांचा फडफडाट यांची टक्केवारी कोणी काढली नाही. परीक्षकांनी पाहिलं, या वेळी काय वेगळं साधलंय ते जोखलं आणि मत दिलं. हा साधा विवेक संगीतालाच का नाकारायचा?

मला वाटतं, याचं कारण एका समजुतीत आहे. संगीत म्हणजे सुरांचा क्रम, आणि तो एकदा रचला की काम झालं. पुढे वाजेल ती नुसती पुनरावृत्ती, अशी ती समजूत. मैफिलीत ऐकायच्या स्वतंत्र रचनेबद्दल कदाचित तसं म्हणता येईल. चित्रपटात मात्र धून पहिल्यांदा वाजते तेव्हा तिला अर्थच नसतो. अर्थ तिला पडद्यावरच्या माणसाकडून मिळतो. ती परत येते तेव्हा तो अर्थ सोबत घेऊन येते, आणि समोर वेगळं काही चाललेलं असलं की दोन्ही एकमेकांवर आदळतात. पार्श्वसंगीतकाराची खरी कमाई त्या क्षणात असते. नवी चाल बांधणं हा त्याच्या कामाचा पहिला हप्ता, आणि तोही तुलनेने सोपा.

झिमरने पहिल्या भागासाठी काय केलं होतं ते आठवा. परग्रहावर, हजारो वर्षांनंतर पाश्चात्त्य वाद्यवृंद का वाजावा, हा त्याचा प्रश्न होता. मग त्याने धातूच्या शिल्पांमधून आवाज काढले. पेद्रो युस्ताचेकडून लांबलचक नळ्यांची फुंकवाद्यं करून घेतली. लोअर कॉटलरच्या गळ्यात ज्यू प्रार्थनागीत, केल्टिक विलाप, तुवाचं कंठगायन आणि आपल्या दक्षिणेतले तालबोल, असं सगळं एकत्र घुसळलं. पॉलला भविष्याचे तुकडे दिसू लागले की तिची ती चिरत जाणारी हाक येते. पहिल्या भागात ही हाक भीतीची आहे. मुलगा घाबरलाय, जे दिसतंय ते होऊ नये असं त्याला वाटतंय, आणि आपणही त्याच्या बाजूने आहोत.

दुसऱ्या भागात तोच मुलगा दक्षिणेला जातो, विषासारखं ते निळं पाणी पितो, आणि हजारो माणसांच्या सभेत उभा राहून स्वतःला त्यांचा तारणहार म्हणवतो. तिथे जुन्या सुरावटी परत येतात. पडद्यावर विजय आहे, जमाव गरजतोय, कॅमेरा पॉलला मोठा करून दाखवतोय. पण जो सूर आपण भीतीचा म्हणून ओळखतो तो आता गर्जनेसारखा वाजतोय. आपल्याला कळतं की ज्याची भीती होती तेच घडतंय, आणि ज्याला भीती वाटत होती तोच ते घडवतोय. कादंबरीचा सगळा आशय या उलथापालथीत आहे. तारणहाराच्या गोष्टीपासून सावध राहा, हे हर्बर्टला सांगायचं होतं. संवादातून ते सांगायला पॉलची प्रेयसी चानी एकटी धडपडते. संगीत ते आपल्या पोटात उतरवतं. आता कल्पना करा, नियमात बसावं म्हणून झिमरने त्या सभेसाठी कोरी करकरीत धून रचली आहे. ती कितीही भव्य असली तरी विजयाचीच धून झाली असती. प्रेक्षकही जमावाबरोबर गरजला असता. म्हणजे ८० टक्क्यांची अट पाळायची तर चित्रपटाचा अर्थ बिघडवावा लागला असता.

नवं काही नव्हतं असंही नाही. पॉल आणि चानीच्या प्रेमाची धून दुसऱ्या भागातली. दुदुक या फुंकवाद्याचा घोगरा, लांब श्वासाचा सूर, वाळूच्या टेकडीवर दोघंच, आजूबाजूला कसलीच घाई नाही. झिमरच्या कारकिर्दीतल्या सर्वांत नितळ सुरावटींत मी तिला धरतो. शेवटी पॉल सम्राटाच्या मुलीचा हात मागतो, चानी सभा सोडून बाहेर पडते, एकटी वाळूत उभी राहते, आणि तीच धून प्रचंड होऊन येते. प्रेम संपलेलं आहे आणि धून तेव्हाच सर्वांत मोठी झालेली आहे. हा शेवट सगळ्यांना आवडतो, मला भेटलेल्या प्रतिपक्षालाही. मग मी विचारतो, ही धून पहिल्यांदा वाजणं आणि शेवटी वाजणं यांच्यात साधारण दोन तासांचं अंतर आहे म्हणून ती कौतुकास्पद, आणि कॉटलरची हाक दोन चित्रपटांच्या अंतराने बदलून येते म्हणून ती पुनरावृत्ती, हा हिशेब कोणत्या सौंदर्यशास्त्रातला?

जुन्या धुनेचं हे सामर्थ्य भारतीय रसिकाला नव्याने सांगावं लागू नये. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’साठी रविशंकरांनी बांधलेली बासरीची धून घ्या. ‘अपराजितो’त अपूचा बाप हरिहर बनारसलाच मरण पावतो. आई सर्बजया अपूला घेऊन गाडीने निघते. खिडकीबाहेरचा मुलूख हळूहळू बदलतो, बंगालची हिरवाई लागते, आणि ती धून येते. निश्चिंदीपूर, दुर्गा, तो पाऊस, ते घर, सगळं एका ओळीत. अपू जिथे परततोय ते गाव वेगळं आहे, बाप नाही, बहीण नाही. रविशंकरांसारख्या माणसाला तिथे नवी सुरावट सुचली नसती का? सुचली असती. तिने तो प्रसंग मारून टाकला असता.

मराठी रसिकाने तर हा नियम उचलून धरावा याचं मला विशेष वाईट वाटतं. ख्यालगायनाचा दाखला मी मुद्दाम देत नाही. तिथे बंदिश जुनी असणं हे गृहीतच आहे, आणि ती गायकी आहे, रचना नव्हे, असं कोणी म्हणेल. संगीत नाटक घेऊ. ‘मानापमान’ला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या तेव्हा उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या रंगातून भरपूर घेतलं. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी घराण्यातल्या बंदिशींवर पदं बसवली. त्या बंदिशी बुवांनी रचलेल्या नव्हत्या. तरी शंभराहून अधिक वर्षं आपण त्या चालींचं श्रेय बुवांना देतो, आणि ते देणं योग्य आहे. कोणती बंदिश रुक्मिणीच्या कोणत्या मनःस्थितीला लागेल, हे ओळखून ती रंगभूमीवर आणणं ही निर्मितीच होती. दुसऱ्याच्या बंदिशीबाबत ज्यांची समज इतकी उदार, त्यांनी एका माणसाला त्याचीच धून त्याच्याच गोष्टीत पुढे न्यायला मनाई करावी?

आणि अकादमी तरी या बाबतीत कधी एका सुरात बोलली आहे? १९७३ मध्ये ‘द गॉडफादर’च्या संगीताला मिळालेलं नामांकन मागे घेतलं गेलं, कारण निनो रोटाने त्यातली एक सुरावट १९५८ च्या ‘फोर्तुनेल्ला’ या आपल्याच इटालियन चित्रपटात आधी वापरली होती. त्या वर्षी संगीताचं ऑस्कर गेलं चार्ली चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’ला. तो चित्रपट १९५२ चा, पण लॉस एंजेलिसला १९७२ मध्ये लागला म्हणून पात्र. दोन वर्षांनी ‘गॉडफादर : पार्ट टू’ आला. रोटाच्या जुन्या सुरावटी त्यात आहेतच. त्याला नामांकन मिळालं आणि ऑस्करही, कार्माइन कोपोलासोबत. ते ऑस्कर रास्त होतं. तरुण व्हितो आणि मायकेल यांच्या दोन काळांना बांधून ठेवायचं काम त्या ओळखीच्या सुरांनीच केलं आहे. २००४ मध्ये हॉवर्ड शोअरला ‘द रिटर्न ऑफ द किंग’साठी ऑस्कर मिळालं. त्यात पहिल्या चित्रपटापासूनची शायरची धून, अंगठीची धून, सगळं कुटुंब हजर आहे, आणि तीन चित्रपटांत मिळून उभारलेल्या त्या इमारतीलाच ते बक्षीस होतं. २०१६ मध्ये एन्यो मोरिकोनेला सत्त्याऐंशीव्या वर्षी पहिलं स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं ‘द हेटफुल एट’साठी. त्या चित्रपटात त्याने १९८२ च्या ‘द थिंग’साठी रचलेले पण तेव्हा न वापरलेले तुकडे वाजतात. ते तुकडे वेगळ्या दिग्दर्शकाच्या, वेगळ्या गोष्टीसाठी लिहिलेले होते. याला आक्षेप नाही, पण स्वतःच्याच गोष्टीच्या पूर्वार्धातली धून उत्तरार्धात आणायला आहे.

नियम नकोतच असं मी म्हणत नाही. २०१६ च्या ‘अरायव्हल’ला अकादमीने बाद केलं तेव्हा योहान योहानसनबद्दल हळहळ वाटली तरी निर्णयामागचं कारण मला पटलं. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रेक्षकाला जे हलवतं ते मॅक्स रिख्टरचं २००४ सालचं संगीत आहे. मतदार रडला तो कोणाच्या सुरांनी, हे वेगळं काढता येत नाही. ‘ब्लॅक स्वान’मध्येही चायकोव्हस्की इतका मुरलेला आहे की क्लिंट मॅन्सेलचं श्रेय कुठे सुरू होतं हे ठरवणं अवघड. तिथे प्रश्न श्रेयाचा आहे, आणि श्रेयाच्या प्रश्नाला क्यू शीट हेच उत्तर आहे. ‘ड्यून’मध्ये श्रेयाचा वादच नव्हता. दोन्ही भागांवर नाव एकाच माणसाचं.

एक आक्षेप राहतो आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. अट काढली तर मोठ्या स्टुडिओंच्या मालिका जुन्या, लोकप्रिय सुरावटींच्या जोरावर दरवर्षी जागा अडवतील, आणि ब्लुमबर्गसारखा नवा माणूस दिसणारच नाही. भीती खरी आहे, पण तिच्यावर हा उपाय चालत नाही. २०२४ च्या सोहळ्यात ‘इंडियाना जोन्स’ मालिकेतल्या पाचव्या चित्रपटाला नामांकन होतंच. जॉन विल्यम्सचं नाव, १९८१ पासूनचा तो प्रसिद्ध मार्च, आणि तरी ८० टक्क्यांची अट व्यवस्थित पार. विल्यम्स माझा अतिशय लाडका संगीतकार आहे. तरीही ते त्या वर्षीच्या उत्तम पाच कामांपैकी एक होतं असं मी म्हणणार नाही. अट पार झाली, कारण जुनी धून तिथे मधूनमधून भेट द्यायला येते, वाढत नाही. म्हणजे नियमाने मालिकांना रोखलंच नाही. ज्या मालिकेत धून खरोखर काम करते, तिलाच रोखलं.

शिवाय नवेपण सेकंदांत मोजायचं तर खरी उचलेगिरी त्यातून अगदी सहज सुटते. संकलनाच्या वेळी चित्रपटावर दुसऱ्या कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं चढवायची पद्धत आहे. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. दिग्दर्शकाला महिनोन्‌महिने ते ऐकून त्याची सवय होते. मग संगीतकाराला सांगितलं जातं, अगदी असंच हवं, फक्त वेगळं. दोन सूर इकडचे तिकडे झाले की ते क्यू शीटवर शंभर टक्के नवं. अशा संगीताने पडदे भरून गेलेले आहेत आणि ते सगळं पात्र आहे. हे ओळखायला कान लागतात. ते कान अकादमीकडे आहेत, कारण या पारितोषिकाची नामांकनं संगीत विभागाचे सदस्य ठरवतात आणि ते स्वतः संगीतकार, गीतकार, संगीत संकलक असतात. धून कुठे फुलली आणि कुठे नुसती चिकटवली, हे त्यांना कळत नसेल तर कोणाला कळणार? २०२५ मध्ये ग्रॅमीच्या मतदारांनी ‘ड्यून : पार्ट टू’लाच त्या वर्षीचं पारितोषिक दिलं. दिग्दर्शक दनी व्हिल्नव्हने तर अकादमीच्या निर्णयाला उघड विरोध केला होता.

‘झिमर म्हणजे नुसता गोंगाट’ हे वाक्य मी फार वेळ घेऊन खोडत बसणार नाही. ज्याने ती दुदुकची धून ऐकली आहे त्याने ते पुन्हा म्हणू नये. पण झिमरच्या या कामावर एक वजनदार टीका होऊ शकते, आणि ती न झाल्याचं मला दुःख आहे. वाळवंट आलं की दुदुक, वाळवंट आलं की स्त्रीचा शब्दहीन आक्रोश, ही हॉलिवूडची जुनी खोड आहे. दुदुक आर्मेनियाचा. हर्बर्टने फ्रेमेन रंगवताना अरबी शब्द, इस्लामी कल्पना भरभरून घेतल्या. त्या माणसांच्या संगीतात मात्र कुठल्याच एका खऱ्या परंपरेचा पत्ता नाही, सगळ्याचा मिळून एक ‘पूर्वेकडचा’ सूर आहे. हे चालतं का? झिमरच्या बाजूने म्हणता येईल की गोष्ट हजारो वर्षांपुढची आहे आणि तेव्हा परंपरा अशाच मिसळलेल्या असतील. विरुद्ध बाजूने म्हणता येईल की ही मिसळ करणारा दर वेळी पश्चिमेतलाच का असतो. मी स्वतः पहिल्या बाजूला झुकतो, पण दुसरी बाजू ऐकताना अस्वस्थ होतो. २०२४ च्या संगीतावर वाद व्हायला हवा होता तो हा. नामांकनांच्या आधीच संगीत बाद झालं, आणि आपण महिनोन्‌महिने टक्केवारीवर भांडत बसलो.

माझी यादी विचाराल तर पहिला ‘ड्यून : पार्ट टू’, त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून ‘द ब्रूटलिस्ट’. तिसऱ्या जागी क्रिस बॉवर्सचं ‘द वाइल्ड रोबॉट’, ज्यातलं उडायला शिकण्याच्या प्रसंगाचं संगीत मुलांच्या चित्रपटात क्वचितच इतक्या तब्येतीने लिहिलं जातं. ट्रेंट रेझनर आणि अॅटिकस रॉस यांच्या ‘चॅलेंजर्स’ला नामांकनही मिळू नये हा वेगळा अन्याय. टेनिसच्या सामन्याखाली आणि भांडणाखाली एकच नाचता ठेका ठेवून त्यांनी तिन्ही माणसांची भूक उघडी पाडली होती. ब्लुमबर्गची ती पितळी हाक मी झिमरच्या खाली ठेवतो, कारण मध्यंतरानंतर ती बराच काळ स्वतःच्याच भव्यतेवर रेलून राहते. लास्लोबद्दलचं आपलं मत ती व्हेनिसपर्यंत हलवत नाही. झिमरची धून पॉलबद्दलचं आपलं मत आपल्या देखत फिरवते. यावर कोणाला भांडायचं असेल तर मी तयार आहे.

अकादमीने करायचं ते फार नाही. पुढच्या भागांसाठीचं ८० टक्क्यांचं कलम काढून टाकावं. क्यू शीट श्रेयाच्या शंकेपुरती ठेवावी. संगीतकार तोच आणि गोष्ट तीच असेल, तर बाकीचं ऐकून ठरवण्याचं काम विभागातल्या सदस्यांवर सोडावं. व्हिल्नव्हने ‘ड्यून’चा तिसरा भाग हाती घेतला आहे. पॉल तोच, चानी तीच, वाळवंट तेच, म्हणजे जुन्या सुरावटींची गरज पहिल्यापेक्षा जास्त. कलमाचा निकाल त्याआधी लागला पाहिजे.